स्कोडाच्या आधीचे दोन वाच्लाव

बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) ‘लाउरिन आणि क्लेमेंट’ या सायकल-मोटारसायकल-मोटार कारखान्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही.

प्रश्न : स्कोडाच्या महागड्या मॉडेलवर ‘लाउरिन अँड क्लेमेंट’ लिहिलेले असते. पण कंपनी तर स्कोडा नावाच्या माणसाने काढली ना? (नाशिक)

नाही. एमिल स्कोडा यांनी १८६९ मध्ये प्ल्झेन इथला यंत्रकारखाना विकत घेतला आणि तोफा, साखर कारखान्यांची यंत्रे यांवर तो मोठा केला. ते १९०० मध्ये वारले. आयुष्यात त्यांनी एकही मोटार बनवली नाही. मोटारी बनत होत्या म्लादा बोलेस्लाव या दुसऱ्याच गावात, वाच्लाव लाउरिन आणि वाच्लाव क्लेमेंट यांच्या कारखान्यात. त्याला १९२४ मध्ये मोठी आग लागली, आणि पुढच्याच वर्षी तो प्ल्झेनच्या स्कोडात विलीन झाला. आडनाव प्ल्झेनच्या कंपनीचे राहिले, धंदा या दोघांचा.

प्रश्न : एका पत्राच्या रागातून हा कारखाना निघाला, हे खरे का? (पुणे)

पत्राची हकिगत अशी. क्लेमेंट पुस्तकविक्रेते. त्यांनी ड्रेस्डेनच्या झायडेल आणि नाउमान कंपनीची ‘जर्मानिया’ सायकल घेतली, ती बिघडली. त्यांनी कंपनीच्या ऊस्ती नाद लाबेम इथल्या शाखेला चेक भाषेत तक्रार लिहिली. जर्मनमध्ये उत्तर आले : उत्तर हवे असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. ऊस्ती बोहेमियातच, म्हणजे ही घरच्या अंगणातली गोष्ट. बँकेच्या काउंटरवर ‘मराठी नहीं चलेगा’ ऐकलेल्यांना जास्त सांगायला नको. पुढे त्यांच्या सायकलीचे नाव पडले ‘स्लाविया’, चेक ज्यांत मोडतात त्या स्लाव लोकांवरून. जर्मानियाला याहून नेमका जबाब सुचणे कठीण.

पण या पत्राला जरा जास्तच भाव मिळतो. रागाने कारखाना चालत नाही. लाउरिन कसलेले यंत्रकारागीर होते आणि तुर्नोव्ह गावी त्यांनी आधीच भागीदारीत सायकली बनवल्या होत्या. डिसेंबर १८९५ मध्ये दोघांनी दुरुस्तीचे दुकान काढले, ते त्या हातावर.

प्रश्न : त्यांच्या मोटारसायकलीत विशेष काय होते? इंजिन तर इतरांनीही सायकलीला लावले होते. (कोल्हापूर)

कुठे लावले, हाच मुद्दा. क्लेमेंटनी पॅरिसहून वर्नर बंधूंची ‘मोटोसायक्लेट’ आणली. तिचे इंजिन हँडलपाशी, पुढच्या चाकाच्या वर, आणि पट्टा पुढच्याच चाकाला. वजन उंचावर आणि तेही हँडलवर, त्यामुळे ओल्या फरसबंदीवर वळताना पुढचे चाक सरकायचे आणि माणूस खाली. त्यात प्रज्वलन तप्तनळीचे : सिलिंडरला जोडलेली छोटी नळी बाहेरून पेट्रोलच्या बर्नरने लाल करायची आणि तिच्या उष्णतेने आतले मिश्रण पेटवायचे. गाडी आडवी पडली की पेट्रोल ज्योतीवर. शिवाय ठिणगीची वेळ मागेपुढे करायची सोय नाही, कारण ठिणगीच नाही.

लाउरिननी इंजिन फ्रेममध्ये खाली, दोन चाकांच्या मध्ये घेतले आणि चामडी पट्ट्याने मागचे चाक फिरवले. प्रज्वलनासाठी त्यांनी स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांचा सल्ला घेतला आणि विद्युत मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाने स्वतःच ठिणगीची वीज तयार करणारे यंत्र, बसवला. ज्योतही गेली, बॅटरीही नको. १८९९ मध्ये ही स्लाविया आली. वर्नर बंधूंनी आपले इंजिन खाली आणले ते १९०१ मध्ये.

त्या पिढीच्या गाड्या सुरू करण्याची रीत साधारण अशी : पेट्रोलचा कॉक उघडा, तरफेने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरा म्हणजे दाब बसत नाही, दहा-पंधरा मीटर पेडल मारा, मग तरफ सोडा. पेटली नाही तर आधी इनलेट व्हॉल्व्ह बघा. तो पिस्टनच्या ओढीने, हलक्या स्प्रिंगवर उघडतो. चिकट तेलाने अडकला की मिश्रण आत येतच नाही. रॉकेलने धुतला की चालतो. क्लच नसल्यामुळे थांबायचे म्हणजे इंजिनही बंद करायचे. पावसात पट्टा घसरतो, ताणून सैल झाला की कापून आखूड करतात. चढावर पेडल मारून इंजिनाला हातभार लावायचा, ही त्या काळची गिअरपेटी.

प्रश्न : मी जुन्या सायकली दुरुस्त करतो. फ्रेम नेहमी लगच्या (नळ्या जोडणाऱ्या धातूच्या खोबणीच्या) शेजारीच का तडकते? तेव्हाच्या कारखान्यांनी काय उपाय केला होता? (सांगली)

पितळी ब्रेझिंगला, म्हणजे पितळ वितळवून सांधा जोडायला, सुमारे ९०० अंश सेल्सिअस लागतात. ज्योत एका जागी जास्त वेळ धरली की नळीच्या पोलादाचा कण मोठा होतो आणि ते ठिसूळ बनते. त्यात जाड लग जिथे एकदम संपतो तिथेच सारा ताण एकवटतो. म्हणून लगची कड कानशीने उतरती, पातळ करत. नळी आत घट्ट बसवून पिन मारायची, टाकणखार लावायचा, सगळा सांधा सारखा तापवायचा आणि पितळ एका बाजूने सोडायचे. दुसऱ्या कडेला पितळाची अखंड रेघ दिसली तर सांधा भरला. आत तेल किंवा गंज राहिला तर पितळ गोळा होऊन बाहेरच बसते. वरून सुंदर, आतून पोकळ. ज्यांच्याकडे हे कसब, नळ्या, तारांची चाके आणि बॉल बेअरिंग होते, त्यांना मोटारसायकलीसाठी नवे फक्त इंजिन शिकायचे होते.

प्रश्न : ‘सीसीसीसी’ मॉडेल म्हणजे काय? (ठाणे)

‘सीसी’ दोन सिलिंडरची मोटारसायकल, ‘सीसीसीसी’ चार सिलिंडरची. नावे ठेवण्यात फार डोके घातलेले दिसत नाही. दोन सिलिंडरच्या गाडीवर वाच्लाव वोन्द्रिख यांनी १९०५ मध्ये फ्रान्समधल्या दुर्दाँ इथे आंतरराष्ट्रीय चषक जिंकला.

प्रश्न : पहिली मोटार कशी होती? (बेळगाव)

‘व्हॉइटुरेट ए’, १९०५. दोन माणसांची. पाण्याने थंड होणारे व्ही-आकाराचे दोन सिलिंडरचे इंजिन, १,००५ घनसेंमी, ७ अश्वशक्ती, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास. ३ गिअर आणि रिव्हर्स. मागच्या चाकांना शक्ती साखळीने नव्हे, दांड्याने. वजन सुमारे ५०० किलो, किंमत ३,६०० क्राउन. बनल्या अवघ्या ४४. व्ही-इंजिनाची सवय त्यांना मोटारसायकलींमुळे आधीच होती. १९०७ मध्ये भागभांडवली कंपनी झाली आणि हळूहळू दुचाकी मागे पडल्या.

प्रश्न : आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यात यातले काही पाहायला मिळेल का? (छत्रपती संभाजीनगर)

तिथे २००१ पासून स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. जुने बघायचे तर संग्रहालय म्लादा बोलेस्लावमध्येच, कारखान्याच्या मूळ इमारतींत आहे, रस्त्याचे नाव वाच्लाव क्लेमेंट मार्ग. प्राग गाठलेत तर तिथून ते ईशान्येला तासाभराच्या अंतरावर आहे.