औषध फुकट मिळतं, मग टीबीत काम काय उरलं?

नमस्कार ताई,

पत्र दोनदा वाचलं. लेक बीएस्सी मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि टीबीच्या प्रोग्रॅममध्ये काम करायचं म्हणतेय, तुमचा भाऊ मात्र मागच्या वर्षी टीबीनेच गेला, तेही गोळ्या सुरू होऊन तिसऱ्या आठवड्यात. तुम्ही विचारताय की औषध सरकार फुकट देतं, ही काही डॉक्टर होणार नाही, मग तिथे हिने करायचं काय? आणि गोळ्या चालू असूनही माणूस जात असेल तर त्या प्रोग्रॅमचा उपयोग तरी काय?

भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे बघा. घरी राहून गोळ्या घेतल्या तरी टीबी बरा होतो हे मद्रासच्या अभ्यासातून १९५९ सालीच कळलंय, सॅनेटोरियममधले (टीबीच्या खास रुग्णालयातले) पेशंट आणि घरचे पेशंट जवळपास सारखेच बरे झाले होते. म्हणजे औषधाचा प्रश्न नाहीच. प्रश्न पहिल्या दोन महिन्यांचा, कारण जाणाऱ्यांपैकी बरेच जण त्यातच जातात, आलेलेच असतात अंगावर मांस नसलेले, दम लागलेले, आणि गोळी काम करायला लागायच्या आत शरीर हात टेकतं.

तामिळनाडूने २०२२ मध्ये यावरच काम सुरू केलं. टीबी निघाला की आरोग्य कर्मचारी लगेच उंची-वजन घेतो, पायावर सूज आहे का बघतो, बोटाला ऑक्सिमीटर लावतो (ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली म्हणजे धोका), श्वास मोजतो आणि पेशंटला आधाराशिवाय उभं राहता येतं का ते बघतो. यात काही बिघडलेलं दिसलं की घरी न पाठवता ॲडमिट करायचं. सगळं पाच-दहा मिनिटांचं काम, त्याला एमबीबीएस लागत नाही, पण कुणीतरी ते रोज न चुकता करावं लागतं.

झारखंडच्या अभ्यासात तर पेशंटच्या घरी दर महिन्याला तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल दिलं. तिथे दिसलं की ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. चाळीस किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो हो! देशाचा आकडाही हलतोय, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१५ ला लाखामागे २८ मृत्यू होते ते २०२३ ला २२ वर आले. कमी झालेत, पण २२ पण काही थोडे नाहीत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी एसटीएस आहे, म्हणजे तालुक्याची ट्रीटमेंट सुपरवायझर. स्कूटीच्या पायाशी पिशवीत वजनकाटा घेऊन फिरते. खोकला थांबला म्हणून एका दादांनी दुसऱ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या होत्या, ही त्यांच्या ओसरीवर काटा ठेवून बसली आणि कार्डवरचं जुनं वजन दाखवलं, तेव्हा कुठे पुन्हा चालू झाल्या.

आता रस्ते सांगतो. एसटीएसला पदवी चालते, सोबत कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट. लॅबकडे जायचं असेल तर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करावा लागेल, ट्रूनॅटसारख्या टीबी तपासायच्या मशीन (ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीचं आहे बरं का) तिच्या मायक्रोच्या अभ्यासाजवळच्याच आहेत. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स करायची तर मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि पुणे विद्यापीठ बघा, आणि आकड्यांची आवड असेल तर देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था. माझं मत विचाराल तर आधी एक-दोन वर्षं फील्डवर, मग एमपीएच. वर्गात बसून पेशंट समजत नाही. पण लपवत नाही, या पोस्टी कंत्राटी आहेत, पगार बेताचा, ऑर्डर पुन्हा निघेपर्यंत जीव टांगणीला. घरात दुसरी मिळकत आहे का ते आधी बघा.

आणि हो, एसटीएसच्या जाहिरातीत टू-व्हीलरचं पक्कं लायसन्स मागतात, त्यामुळे रिझल्टची वाट न बघता तिला आरटीओत पाठवा.