भारतात परदेशी राजकीय नेत्याचा पुतळा कुठं आहे का?

आहे की. आमच्या परभणीकडं चौकात शिवाजी महाराज, बाबासाहेब, अण्णाभाऊ, परदेशी माणूस काय मला दिसला नाही बुवा. पण दिल्लीत नेहरू पार्कात लेनिन उभाय, १९८७ ला रशियन क्रांतीला ७० वर्षं झाली तवा बसवला, पुढं ४ वर्षांत सोव्हिएत युनियनच गेलं अन् पुतळा राहिला. कोलकात्याची गंमत तर लई भारी, व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिथल्या डाव्या सरकारनं हॅरिंग्टन स्ट्रीटचं नाव बदलून, अमेरिकेशी लढणाऱ्या व्हिएतनामी नेत्याच्या नावानं, हो ची मिन्ह सरणी (म्हंजी रस्ता) केलं, कारण अमेरिकन वकिलात नेमकी त्याच रस्त्यावर! आता पत्त्यात त्यांनाच ते नाव लिहावं लागतंय. हो ची मिन्हचा पुतळाबी कोलकात्यात आहे. त्रिपुरात मात्र २०१८ ला बेलोनियातला लेनिन बुलडोझर लावून पाडला.