जर्मनीत कमी पगारात वकील परवडतो का? पुण्यातील एका परिचारिकेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुण्यातील खासगी रुग्णालयातील नोकरी सोडून बाडेन-वुर्टेमबर्गमधील वृद्धसेवा केंद्रात रुजू होण्याची तुमची तयारी चालू आहे आणि पदविकेला तिथली मान्यता मिळेपर्यंत तुम्हाला साहाय्यक म्हणून कमी पगारावर काम करावे लागणार आहे. त्या काळात मालकाशी किंवा परदेशी नागरिकांच्या कार्यालयाशी वाद झालाच, तर वकील परवडेल का, असे तुम्ही विचारले आहे. परवडतो; मात्र कुठे जायचे आणि किती दिवसांत जायचे, हे आधीपासून ठाऊक असावे लागते.

शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तुम्हाला माहीत असेल. 1987 च्या कायद्यानुसार तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जर्मनीत निकष उत्पन्नाचा आहे. नागरिकत्व पाहिले जात नाही. राहत्या भागातील आम्ट्सगेरिश्ट म्हणजे स्थानिक न्यायालयात पगारपत्रक, घरभाड्याचा करार आणि बँकेचे खातेउतारे घेऊन गेल्यास, आणि उत्पन्न मर्यादेत बसत असल्यास, 'बेराटुंग्सहिल्फे'चे, म्हणजे कायदेशीर सल्ल्यासाठीच्या सरकारी मदतीचे, प्रमाणपत्र मिळते. ते दाखवल्यावर वकील तुमच्याकडून फार तर 15 युरो घेतो, उरलेले शासन देते. प्रमाणपत्र नसेल, तर नुसत्या पहिल्या सल्ल्याचे 190 युरो अधिक कर इतके होऊ शकतात. निकड असल्यास आधी वकिलाकडे जाऊन चार आठवड्यांच्या आत अर्ज करता येतो, पण तसे त्याला पहिल्याच भेटीत सांगावे. हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनची व्यवस्था वेगळी आहे. तुम्हाला तिच्याशी कर्तव्य नाही.

प्रकरण न्यायालयात गेले, तर खर्चाच्या सरकारी मदतीसाठी निराळा अर्ज करावा लागतो. तो मंजूर झाला तरी हरल्यास समोरच्याच्या वकिलाचा खर्च आपल्या अंगावर येतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. कामगार न्यायालयात मात्र पहिल्या पातळीवर ज्याने त्याने आपापल्या वकिलाचे पैसे द्यायचे असतात, आणि तिथे वकील असलाच पाहिजे असेही नाही. अर्ज-कक्षात जाऊन आपले म्हणणे तोंडी सांगायचे, कर्मचारी ते लिहून घेतो. आपल्याकडे न्यायालयाबाहेरच्या टंकलेखकाला पैसे मोजून जे करून घ्यावे लागते, ते तिथे न्यायालयाचाच माणूस फुकट करतो.

फीपेक्षा मला काळजी वाटते ती मुदतीची. नोकरीवरून काढल्याचे पत्र हाती आल्यापासून तीन आठवड्यांत दावा दाखल केला नाही, तर ते काढणे बहुधा वैध ठरते, मग ते कितीही अन्यायाचे असो. असे पत्र कागदावर आणि प्रत्यक्ष सहीचेच लागते. व्हॉट्सॲपवरील निरोपाने नोकरी जात नाही, तरी त्यावर गप्प बसू नये. नोकरी मुदतीआधी संपली, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवणे ही तुमची जबाबदारी आहे. कार्यालयाचा प्रतिकूल निर्णय आला, तर त्याच्या शेवटच्या परिच्छेदात दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची ते छापलेले असते. साधारणपणे एक महिना मिळतो. असे महत्त्वाचे कागद पुष्कळदा पिवळ्या पाकिटात येतात आणि पोस्टमन त्यावर पेनाने तारीख घालून ते पेटीत टाकून जातो. मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, पाकीट तुम्ही उघडले तेव्हापासून नव्हे. म्हणून पत्राबरोबर पाकीटही जपून ठेवा, आणि सुट्टीत पुण्याला येताना पेटीची किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे देऊन या.

पत्र समजून घेण्यासाठी कारितास, डियाकोनी, रेड क्रॉस या सेवाभावी संस्थांची स्थलांतरितांसाठीची सल्लाकेंद्रे मोफत आहेत. ती अर्ज भरून देतात, पण तुमचा खटला लढवत नाहीत. पगार, जादा तास, रजा अशा प्रश्नांसाठी 'फेअरे इंटेग्रात्सिओन' (Faire Integration) हे सल्लाकेंद्र अधिक उपयोगी आहे. परदेशातून भरती करणाऱ्या मालकाने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत अशा मोफत सल्ल्याची लेखी माहिती देणे 1 जानेवारी 2026 पासून बंधनकारक आहे. व्हेर्डी (ver.di) ही कामगार संघटना ढोबळ पगाराच्या एक टक्का वर्गणी घेते आणि तीन महिन्यांनंतर कायदेशीर संरक्षण देते. पगार कमी असताना हा एक टक्का जड वाटतो, तरी पहिल्या महिन्यापासून सभासद व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला तुमचा करार. ठरावीक वर्षांआधी नोकरी सोडल्यास भाषावर्गाचा आणि प्रवासाचा खर्च परत करावा, असे कलम त्यात आहे का, ते सहीपूर्वी पाहा. सोडण्याचे कारण काय हे न पाहता सरसकट वसुली करणारी कलमे जर्मन न्यायालयांत बरेचदा टिकत नाहीत, पण ते सिद्ध करण्याची वेळ येण्यापेक्षा आधीच दुरुस्ती मागणे स्वस्त पडते. भरती करून देणाऱ्या पुण्यातील एजंटालाही भारतीय नियमांनुसार ₹30,000 अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा आणि पैसे बँकेतूनच द्या.