शार्लटमध्ये वाढणाऱ्या मुलाला नॅसकारचा चालक व्हायचे असेल, तर वाट कशी असते?

आपला मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला नॅसकारचा, म्हणजे अमेरिकेतील स्टॉक कार (नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्या) शर्यतींचा व्यावसायिक चालक व्हायचे आहे, घरात कोणाचाच या क्षेत्राशी संबंध नाही, आणि आपण नॉर्थ कॅरोलिनातील शार्लटला राहता, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. मी स्वतः चालक नाही. याच भागात नोकरी करतो आणि गेली काही वर्षे शनिवार-रविवारी स्थानिक ट्रॅकवर धावणाऱ्या लेट मॉडेल या स्टॉक कारच्या एका छोट्या संघात टायर मोजण्याचे आणि बसवण्याचे काम बिनपगारी करतो. त्यामुळे पुढचे सगळे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्यांवर काम होते तिथे, उभे राहून पाहिलेले आहे, हे लक्षात घेऊन वाचावे.

कागदावर ही वाट अगदी सरळ दिसते. पाच-सहा वर्षांची मुले क्वार्टर मिजेट या चिमुकल्या शर्यतीच्या गाडीत बसतात, आठव्या वर्षापासून बँडोलेरो ही मुलांसाठीची छोटी गाडी चालवता येते आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास लेजंड्स गाडी हाती येते. यामाहा मोटरसायकलचे इंजिन बसवलेली, जुन्या काळातील मोटारींच्या धाटणीची ही लहान गाडी आपल्या शेजारच्या हॅरिसबर्गमध्येच तयार होते. त्यानंतर स्थानिक ट्रॅकवर लेट मॉडेल, मग राष्ट्रीय मालिकांच्या खालची पायरी असलेली आर्का मालिका, आणि तिथून पुढे नॅसकारच्या तीन राष्ट्रीय मालिका येतात: पिकअप ट्रकची, २०१५ ते २०२५ या काळात एक्सफिनिटी नावाने चाललेली मधली, आणि सर्वांत वरची कप, जिच्या एका मोसमात गुणांच्या ३६ शर्यती असतात. ट्रकसाठी लहान ट्रॅकवर किमान वय १६ लागते, मोठ्या ट्रॅकसाठी अट अधिक कडक असते, आणि कपसाठी १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शिवाय वयाची अट पूर्ण झाली म्हणून कोणी वाटेल तिथे उतरू शकत नाही. मार्टिन्सव्हिलच्या जेमतेम अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर चांगली कामगिरी केलेल्या नवख्याला, वळणांना ३३ अंशांचा उतार असलेल्या टॅलाडेगाच्या २.६६ मैलांच्या ट्रॅकसाठी नॅसकारची वेगळी मान्यता मिळवावी लागते.

खरी अडचण लेट मॉडेल आणि ट्रक यांच्या मधल्या टप्प्यावर आहे. खालच्या मालिकांमध्ये संघ चालकाला पगार देतो असे आपण समजत असाल, तर बहुतेक वेळा व्यवहार नेमका उलटा असतो: चालकच प्रायोजक घेऊन येतो, आणि तो नसेल तर कुटुंबाला पदरमोड करावी लागते. ट्रकच्या पूर्ण मोसमाचा खर्च लाखो डॉलरांच्या घरात जातो. शर्यती जिंकणारी, हाताने खरोखर गुणी असलेली मुले याच पायरीवर थांबलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापेक्षा सामान्य मुले पुढे गेलेलीही पाहिली आहेत. याची चीड येते, पण आपल्याला नियोजन करायचे आहे, म्हणून ते आधीच सांगितलेले बरे.

तीन चालकांची उदाहरणे आपल्याला उपयोगी पडतील, कारण तिघांचीही सुरुवात आयरेसिंग या संगणकावरील आभासी शर्यतीशी जोडलेली आहे. विल्यम बायरन शार्लटचाच. २०१२ साली तो लेजंड्समध्ये उतरला, २०१६ मध्ये ट्रक मालिकेच्या पहिल्याच मोसमात त्याने सात शर्यती जिंकल्या, २०१७ चे एक्सफिनिटी विजेतेपद मिळवले आणि २०१८ मध्ये हेन्ड्रिक संघातर्फे कपमध्ये आला. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे त्याने डेटोना ५०० ही कपमधली सर्वांत मानाची शर्यत जिंकली. या चढणीत लिबर्टी विद्यापीठाचे प्रायोजकत्व सुरुवातीच्या काळापासून त्याच्या पाठीशी होते, ही बाब वर्तमानपत्री कौतुकात अनेकदा निसटते.

जॉश बेरी टेनेसीचा. बँकेत काउंटरवर नोकरी करत असताना आयरेसिंगमुळे त्याची नॅसकारचा प्रसिद्ध चालक डेल अर्नहार्ट ज्युनियरशी ओळख झाली, आणि २०१० पासून अर्नहार्टच्या संघाची लेट मॉडेल गाडी तो चालवू लागला. तिथे त्याची तब्बल दहा वर्षे गेली. २०२१ मध्ये मार्टिन्सव्हिलला पहिला एक्सफिनिटी विजय, आणि कपमधला पहिला विजय मार्च २०२५ मध्ये लास वेगासला, वयाच्या ३४ व्या वर्षी. तिसरा राजा कॅरुथ, वॉशिंग्टन डी.सी.मध्ये वाढलेला. नॅसकारने २००४ साली अल्पसंख्याक चालकांसाठी सुरू केलेल्या विकास योजनेतून तो पुढे आला आणि विन्स्टन-सेलम स्टेट विद्यापीठात मोटरस्पोर्ट व्यवस्थापन शिकत असतानाच मार्च २०२४ मध्ये त्याने ट्रकची शर्यत जिंकली. आपल्या मुलासाठी मला या तिसऱ्याची वाट सर्वांत जवळची वाटते.

भारतीय चालक या मालिकांत पूर्वीही दिसला आहे. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये ट्रक मालिकेत आला, पहिली शर्यत मार्टिन्सव्हिलला धावला आणि चाहत्यांच्या मतांवर त्या मोसमातला सर्वांत लोकप्रिय चालक ठरला.

आता कौशल्याविषयी. डावीकडे तर वळायचे असते, त्यात काय कठीण, असे आपल्याकडच्या लोकांकडून मी नेहमी ऐकतो. लेट मॉडेलचा मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा घेराने मोठा ठेवतात, त्याला स्टॅगर म्हणतात, म्हणजे गाडी आपणहून डावीकडे ओढ घेते; हा फरक मोजण्यातच माझा शनिवार जातो. गाडी वळायला नकार देत असेल तर ती टाइट, मागून घसरत असेल तर लूज. हे वळणात शिरताना होते की बाहेर पडताना, हे जो चालक नेमके सांगू शकतो, त्याच्या गाडीत दुरुस्ती करता येते. जो नुसताच ‘गाडी बरोबर नाही’ म्हणतो, त्याच्यापुढे मेकॅनिकही हात टेकतात.

म्हणूनच मला अॅलन कुलविकी आठवतो. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा पदवीधर, विस्कॉन्सिनहून शार्लटला आला आणि स्वतःच्याच संघातून धावला. १९९२ च्या कप मोसमातील अटलांटाच्या शेवटच्या शर्यतीत सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्याला पाच जादा गुण मिळणार होते. शर्यत चालू असतानाच त्याच्या संघाने हिशोब मांडला, आणि १०३ विरुद्ध १०२ फेऱ्या अशा फरकाने ते गुण त्याने मिळवले. शर्यत बिल इलियटने जिंकली, पण मोसमाचे विजेतेपद दहा गुणांनी कुलविकीचे झाले.

त्यामुळे माझा सल्ला असा की, मुलाचे गणित आणि भौतिकशास्त्र सोडू देऊ नये. मोठ्या संघांपैकी हेन्ड्रिक कॉन्कर्डला, गिब्स हंटर्सव्हिलला आणि पेन्स्की मूर्सव्हिलला आहे, म्हणजे चालक होणे जमले नाही तरी याच खेळातली इंजिनिअरची नोकरी घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. आधी चाक आणि पेडल आणून आयरेसिंग सुरू करून द्यावे. लेजंड्स गाडी लगेच विकत न घेता एखाद्या मोसमासाठी भाड्याने मिळते का ते पाहावे. उन्हाळ्यात शार्लट मोटर स्पीडवेच्या पाव मैलाच्या ट्रॅकवर लेजंड्सच्या शर्यती होतात. एका संध्याकाळी त्याला तिथे न्यावे, आणि शर्यत संपल्यावर लगेच निघू नये. मोडलेले फेंडर काढणारी, टायर ढकलत नेणारी त्याच्याच वयाची मुले दिसतील. गाडी ट्रेलरवर चढेपर्यंत तो तिथे घुटमळतो की भूक लागली म्हणून घरी चला म्हणतो, ते पाहून मग पैशांचा विचार करावा.