शॅमरॉक, ताकातला ब्रेड आणि केकमधली अंगठी

प्रश्न : ताई, आम्ही नुकतेच पुण्याहून डब्लिनला आलोय. १७ मार्चला लेकीच्या शाळेत सेंट पॅट्रिक्स डे (आयर्लंडच्या संताचा सण) आहे, त्यासाठी चार पानांच्या क्लोव्हरचे (गवतासारख्या छोट्या हिरव्या रोपाचे) स्टिकर आणले, तर शेजारीण म्हणाली हे चालणार नाही. एका पानाने एवढं काय बिघडतं?

उत्तर : बिघडतं हो, आयरिश माणसाला ते लगेच खटकतं! या दिवसाची खूण म्हणजे शॅमरॉक, क्लोव्हरचंच पान, पण तीन पानांचाच. पाचव्या शतकातल्या संत पॅट्रिकनी तीन पानं दाखवून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच कसे हे लोकांना समजावलं अशी आख्यायिका आहे, म्हणून तो देशाची खूण झाला. चार पानांचं हजारोंत एखादं सापडतं म्हणून ते लकी, पण पॅट्रिकशी त्याचं काही नातं नाही. स्टिकर वहीला लावा आणि शाळेसाठी हिरव्या कागदाची तीन पानं कापा. हिरवा ड्रेस नसेल तर निळा घाला, पॅट्रिकचा रंग आधी निळाच मानायचे. आणि नदी हिरवी करायचा प्रकार शिकागोचा, १९६२ पासूनचा, तो इथे शोधू नका. आयर्लंडमध्ये तर एकेकाळी या दिवशी पब कायद्याने बंद असायचे!

प्रश्न : आयरिश सोडा ब्रेड करून बघितला, दगड झाला आणि वर साबणासारखी चव. बटरमिल्क मिळालं नाही म्हणून दूध घातलं. — नाशिकची वाचक

उत्तर : दुधानेच घात केला. या ब्रेडला यीस्ट नसतं, ताकातला आंबटपणा आणि खायचा सोडा भेटले की गॅस होतो आणि त्यावरच तो फुगतो. दुधात तेवढा आंबटपणा नाही, मग सोडा तसाच उरतो आणि ती साबणाची चव येते. आपल्या घरचं आंबट ताक यासाठी झकास, फक्त पाणचट नको, फार पातळ असेल तर थोडं दही घुसळून घ्या, आणि मसाला ताकाची पिशवी अजिबात नको. ४५० ग्रॅम पीठ (मी अर्धी कणीक, अर्धा मैदा घेते), एक छोटा चमचा सोडा चाळून, एक चमचा मीठ, साधारण ३५० ते ४०० मिली ताक. हाताने फक्त गोळा करायचा, पोळीच्या कणकेसारखं मळत बसलात की दगड ठरलेलाच. ओव्हन आधीच तापलेला हवा कारण गॅस लगेच सुटायला लागतो, २०० डिग्रीवर ४० ते ४५ मिनिटं. वर सुरीने खोल फुली मारा, तिथून पऱ्या बाहेर जातात असं आयरिश आज्या सांगतात, आणि मधला भागही नीट भाजतो, त्यामुळे दोन्ही कारणांसाठी मारा. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झालं, मग सुती फडक्यात गुंडाळा, कड कडक होत नाही. सोडा जुना असेल तर आधी चिमूटभर घेऊन वर लिंबू पिळा, जोरात फसफसला नाही तर नवीन आणा.

प्रश्न : आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या बहिणीने हॅलोवीनच्या बार्मब्रॅकची (मनुका घातलेल्या गोड ब्रेडची) रेसिपी पाठवली, त्यात अंगठी, नाणं आणि चिंधी घालायची म्हणे. सासूबाई म्हणतात चिंधी म्हणजे गरिबी, ती घरात नको. — ठाणे

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे, खेळात चिंधीचा अर्थ तोच. ज्याच्या तुकड्यात अंगठी त्याचं लग्न, नाणं निघालं तर पैसा. चिंधी सरळ गाळून टाका, हल्ली दुकानातल्या ब्रॅकमध्येसुद्धा बहुतेक अंगठीच असते. ती बटर पेपरमध्ये गुंडाळून घाला, सगळ्यांना आधी सांगून ठेवा आणि लहान मुलांचा तुकडा तुम्ही स्वतः तपासून द्या. मनुका आदल्या रात्री गार झालेल्या कोऱ्या चहात भिजवायच्या, दुसऱ्या दिवशी उरलेला ब्रॅक तव्यावर शेकून वर लोणी लावायचं, सासूबाईंना पहिला तुकडा द्या.