‘वृद्ध’ लिहा, पण ‘वृध्द’ नको

प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका विद्यार्थिनीचा. कॉलेजच्या भित्तिपत्रकात तिनं ‘यीस्टची वृद्ध पेशी’ असं लिहिलं. (यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी एकपेशी बुरशी.) सरांनी ‘वृद्ध’ खोडून ‘जीर्ण’ केलं. पेशी काय काठी टेकत चालते का, म्हणाले. बरोबर कोण?

तुम्ही बरोबर. फक्त तुम्ही पाठवलेल्या फोटोत ‘वृध्द’ दिसतंय, ते आधी दुरुस्त करा. वृध् + त = वृद्ध. द आधी, ध नंतर. एसटी स्टँडपासून विद्यापीठापर्यंत जाताना मी परवा पाच फलकांवर ‘वृध्द’ आणि ‘समृध्दी’ मोजले. रंगाऱ्याला बोल लावून उपयोग नाही, त्याला मजकूरच तसा टाइप करून मिळतो.

आता मुद्दा. ‘वृद्ध’ म्हणजे म्हातारा, हा अर्थ मागाहून चिकटलेला. मूळ अर्थ ‘वाढलेला’. म्हणून तर ज्ञानवृद्ध, तपोवृद्ध हे शब्द आहेत, आणि वयानं वाढलेला तो वयोवृद्ध. आपलं ‘वाढणे’ही त्याच वृध् धातूचं. व्याकरणातली वृद्धी आणि सावकाराची वृद्धी सोडून देतो. पण घरात मूल जन्मलं की भाऊबंदांना सोयर येते, तीही ‘वृद्धी’च. आकार वाढणं, वय होणं आणि बाळंतपण, तिन्ही एका धातूत.

यीस्टची पेशी नेमकं हेच करते. तिच्या अंगावर एक फुगवटा येतो, तो मुकुल. तो वाढतो, सुटतो आणि कन्यापेशी होतो. सुटल्या जागी आईच्या भिंतीवर कायटिन नावाच्या चिवट द्रव्याचं गोल वळ राहतं. वळ मोजले की बाळंतपणं कळतात, आणि यीस्टचं हे वय वर्षांत नाही, बाळंतपणांतच मोजतात. मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी 1959 मध्ये दाखवलं की ही बाळंतपणं अमर्याद नसतात, साधारण वीस-तीस झाली की आई थांबते. आणि दर खेपेला ती थोडी मोठी होत जाते. कन्या मात्र आईहून लहान जन्मते. पुरेसा आकार येईपर्यंत तिला पहिल्या मुकुलासाठी थांबावं लागतं.

मग ‘जीर्ण’ कसं चालेल? जीर्ण म्हणजे झिजलेलं. धोतर जीर्ण होतं, वाडा जीर्ण होतो. ही बाई झिजत नाही, थोराड होते. 2019 मध्ये एमआयटीतल्या अँजेलिका आमोन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की पेशी प्रमाणाबाहेर मोठी झाली की तिचा डीएनए तेवढ्या देहाला पुरा पडत नाही, आतला पेशीद्रव पातळ होतो आणि काम बिघडतं. अचानक पाहुणे आले म्हणून तांबड्या रश्श्यात तांब्याभर पाणी ओता. रस्सा वाढला खरा, पण चव?

‘वाढवणे’ म्हटल्यावर नारळाबद्दल बोललंच पाहिजे. जोतिबाला आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बहुतेक जाणकार सांगतात की हे अशुभ टाळायचं बोलणं आहे, ‘बांगडी वाढली’सारखं. बांगडीचं मान्य. पण नारळ फोडण्यात अशुभ काय आहे? तो तर शुभकार्यातच फुटतो! माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी सोडणार नाही. धातुपाठात, म्हणजे पाणिनीय व्याकरणातल्या धातूंच्या यादीत, चुरादि नावाच्या गटात चक्क नोंद आहे: ‘वर्ध छेदनपूरणयोः’. वर्ध म्हणजे कापणे आणि भरणे. मनुस्मृतीत जातकर्म, म्हणजे मूल जन्मल्यावरचा संस्कार, ‘नाभिवर्धना’च्या आधी करायला सांगितलंय. तिथं बेंबी वाढवायची नाहीये, नाळ कापायची आहे. लाकूड कापणारा तो वर्धकी, हिंदीतला बढई. मग नारळानंच काय घोडं मारलंय? आमचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक यावर नुसते हसतात. हसण्याला मी खंडन मानत नाही.

आणि ‘छेदन’ आणि ‘पूरण’ या दोन शब्दांत पेशीचक्रच आलं की! आधी भरायचं, मग कापायचं. कन्येच्या भिंतीवरही सुटल्याची एक खूण असते, ती तिची बेंबी. पाणिनीय परंपरेला यीस्ट ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारे गावात आहेत, त्यांच्याशी माझं पटत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच: ‘किण्व’ की ‘यीस्ट’? किण्व शब्द जुना आणि उत्तम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूसाठी किण्व करायची कृती आहे, उडीद आणि तांदूळ घालून. म्हणजे जवळजवळ इडलीचं पीठच. तरी भित्तिपत्रकावर यीस्टच राहू द्या. शंका असेल तर लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन पावशेर किण्व मागून बघा.