इंग्लंडचा डावखुरा फिरकी गोलंदाज डेरेक अंडरवूड तीनशेला तीन कमी, 297 कसोटी बळींवरच का थांबला? दुखापत झाली होती का?

दुखापत नव्हती, आणि हातातली धारही गेली नव्हती. फेब्रुवारी 1982 मध्ये कोलंबोला, श्रीलंकेच्या पहिल्यावहिल्या कसोटीत, त्याने पहिल्या डावात 28 धावांत 5 गडी बाद केले. ती त्याची 86वी आणि शेवटची कसोटी. त्यानंतर काही दिवसांतच तो ग्रॅहम गूचच्या बंडखोर संघातून, वर्णभेदामुळे बहिष्कृत असलेल्या दक्षिण आफ्रिकेत उतरला आणि त्या संघावर इंग्लंडकडून खेळायला तीन वर्षांची बंदी आली. तीन बळी राहिले ते असे. त्या वेळी जगात तीनशे कसोटी बळींच्या पलीकडे फक्त ट्रूमन, गिब्ज आणि लिली होते. आपण काय सोडून चाललो आहोत हे त्याला कळत नव्हतं, असं मला वाटत नाही.

तो पैशासाठी गेला. पण एवढं बोलून हात झटकले तर त्या काळातल्या काउंटी क्रिकेटपटूचं पोट कसं चालायचं ते लक्षात येणार नाही. पगार मुख्यतः उन्हाळ्याच्या हंगामाचा. हिवाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर निवड झाली तर ठीक, नाहीतर दुसरं काम शोधा. वर्षानुवर्षं इमानेइतबारे खेळल्यावर क्लब एक 'बेनिफिट' वर्ष देई. त्या वर्षी सामने, जेवणावळी, सोडती यांतून जे जमेल ते खेळाडूचं. (या रकमेवर प्राप्तिकर लागणार नाही, हे 1927 मध्ये ठरलं तेही केंट काउंटीच्याच जेम्स सीमूर या खेळाडूच्या खटल्यात. अंडरवूडही केंटचाच.) थोडक्यात, म्हातारपणाची सोय पगारातून नव्हे, लोकांच्या वर्गणीतून.

म्हणून 1977 मध्ये ऑस्ट्रेलियाचा टीव्ही-मालक केरी पॅकर स्वतःच्या खासगी क्रिकेट मालिकेसाठी पैशाची थैली घेऊन आला तेव्हा कर्णधार टोनी ग्रेग, यष्टिरक्षक ॲलन नॉट आणि अंडरवूड यांनी सही केली. बोर्डाने बंदी घालायला पाहिली, खेळाडू लंडनच्या उच्च न्यायालयात जिंकले, तरी इंग्लंडच्या संघात त्यांना जागा मिळाली नाही. अंडरवूड परतला तो 1979-80 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर. तोवर इंग्लंडच्या 20 हून अधिक कसोट्या त्याच्याविना होऊन गेल्या होत्या. तीनशेचा हिशेबच मांडायचा तर खरी गळती इथे आहे. 1982 हा नंतरचा घाव.

पॅकरकडे जाणं मला मनापासून पटतं. दक्षिण आफ्रिका नाही पटत, आणि त्याचं कारण अंडरवूडच्याच सगळ्यात गाजलेल्या दिवसात आहे.

ऑगस्ट 1968, ओव्हल, ॲशेसची शेवटची कसोटी, शेवटचा दिवस. ऑस्ट्रेलियाचे पाच गडी गेलेले आणि जेवणाच्या सुमारास असा पाऊस कोसळला की मैदानाचं तळं झालं. ऊन पडल्यावर प्रेक्षकच झाडू, पोती, मिळेल ते घेऊन पाणी काढायला उतरले. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा जेमतेम सव्वा तास उरला होता. बराच वेळ काहीच घडेना. मग इंग्लंडच्या बॅसिल डॉलिव्हेराने जार्मनचा त्रिफळा उडवला आणि कर्णधार काउड्रीने लगेच चेंडू अंडरवूडकडे दिला. त्याने 27 चेंडूंत उरलेले चारही गडी टिपले. शेवटचा इन्व्हेरॅरिटी पायचीत झाला तेव्हा काही मिनिटंच शिल्लक होती. सगळा संघ बॅटभोवती कोंडाळं करून उभा आहे, तो फोटो तुम्ही पाहिला असेलच. त्या डावात अंडरवूडचे 50 धावांत 7 बळी.

ज्याने ती कोंडी फोडली तो डॉलिव्हेरा केपटाऊनचा. कातडीच्या रंगामुळे त्याला स्वतःच्या देशाकडून खेळता आलं नाही, म्हणून तो इंग्लंडला आला. त्याच ओव्हल कसोटीत त्याने 158 धावा केल्या होत्या. आधी वगळलेलं त्याचं नाव नंतर दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघात आलं, तिथल्या सरकारने हा संघ चालणार नाही म्हटलं आणि दौराच रद्द झाला. पुढे त्या देशावर जो बहिष्कार आला त्याची एक सुरुवात तिथे आहे. अंडरवूडला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तो त्या दिवशी मैदानात होता. तरीही चौदा वर्षांनी तो गेला. नॉटही गेला.

त्याला 'ओल्या खेळपट्टीचा गोलंदाज' म्हणून निकालात काढणारे अजून भेटतात. ओली खेळपट्टी मिळाली की तो 'डेडली' होता हे खरंच. टोपणनावच ते. लॉर्ड्सवर 1974 मध्ये झाकणाखालून पाणी झिरपलं आणि पाकिस्तानचे 13 गडी त्याने 71 धावांत घेतले. पण 1976-77 मध्ये आपल्याकडे येऊन पाच कसोटींत 29 बळी घेतले, ते कुठल्या पावसावर? बेदीसारखी उंची देऊन फलंदाजाला फसवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. लांब धावत यायचं, डावऱ्या हाताने जवळपास मध्यमगतीने सपाट चेंडू टाकायचा आणि टप्पा सोडायचा नाही. जातकुळी आपल्या बापू नाडकर्णींची (मद्रासची 32-27-5-0 आठवा: 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, बळी एकही नाही), फक्त चेंडू जास्त जोरात. कसोटीत गावसकरला सर्वाधिक वेळा, म्हणजे 12 वेळा, बाद करणारा गोलंदाज हाच.

बंदीच्या काळात तो घरी बसला नाही. केंटसाठी षटकांमागून षटकं टाकत राहिला. 1984 मध्ये हेस्टिंग्जला ससेक्सविरुद्ध नाइट वॉचमन म्हणून (दिवस संपताना मुख्य फलंदाजाऐवजी पाठवलेला) आला आणि 111 धावा करून गेला. विसाव्या वर्षाआधी सुरू केलेल्या कारकिर्दीतलं पहिलं शतक, वयाच्या 39व्या वर्षी! बंदी 1985 मध्ये उठली. त्याच बंडखोर संघातले गूच आणि एम्बुरी वयाने लहान होते, ते लगेच इंग्लंडच्या संघात परतले. अंडरवूड मात्र चाळीस वर्षांचा होत होता आणि डावखुऱ्या फिरकीची जागा एव्हाना फिल एडमंड्सने धरली होती. 1987 मध्ये त्याने खेळणं थांबवलं तेव्हा प्रथम श्रेणीचे बळी होते 2,465.